उभं राहून बोललं की तुटतं

सोम., १ डिसें.
खरेदी : यूएसबीचा वायफाय ॲडाप्टर, बोटाच्या पेराएवढा, रु. ४८० (सांगत होता ५५०). दळण ४५. गुरुवारच्या पूजेची फळं ११०, केळी धरून. वाती घरच्याच.

उंदरानं केबल कुरतडली म्हणून हा ४८० चा भुर्दंड. नवी केबल ओढायची तर बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून अमोलच्या खोलीपर्यंत, म्हणजे ह्यांना विचारणं आलं. कॉम्प्युटर कशाला लागतो, हा प्रश्न आला. नको. नवी पेठेतला दुकानदार म्हणाला, "मावशी, नुसतं खोचायचं. पुढचं कॉम्प्युटर बघतो की."

खोचलं. चाललं. दुपारी गेममध्ये गेले, अमोल आधीच येऊन उभा होता.

घर सोडून गेला तेव्हा नंबरही बदलला त्यानं. बेंगलोरकडं कुठल्याशा गोदामात रात्रपाळीला आहे, एवढं वर्षानं शोधून काढलं, बहीण म्हणून. जाताना दारात म्हणाला होता, "बोलायचंच असंल तर गेममध्ये या दोघं." टोमणा होता तो. दोघं नाही, मी एकटी गेले. त्याच्याच खुर्चीत बसून शिकले. मला गोळ्या घालता येत नाहीत आणि घालायच्याही नाहीत. माझ्याकडं औषधाची पिशवी असते. तो पडला की मी पळत जाते, बटण दाबून धरते, तो उठतो. "आई मागं थांब" लिहितो. इंग्रजी अक्षरात मराठी. पुष्कळ झालं.

आज लिहिलं : "आई उद्या नक्की ये. एक विचारायचंय. बाबांना सांगू नको."
मी लिहायला घेतलं, आत्ताच विचार की. एका बोटानं लिहिते, वेळ लागतो. तेवढ्यात पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं. 'पुन्हा जोडत आहे.' मग बाहेर.


मंगळ., २
तेच. आत गेले, दोघं पळालो, पुलाखालून गेलो, सगळं नीट. एका पडक्या घरामागं थांबलो. तो लिहितो, "ऐक आता". गोल फिरलं. बाहेर.
धावत पळत परत आत. तिथं त्याचं वाक्य पडलेलं : "गेलीस?"
आहे रे म्हणून लिहिणार, पुन्हा बाहेर. मग गेमनंच अडवलं. वारंवार सोडून जाता म्हणून शिक्षा, थोडा वेळ येता येणार नाही. मी सोडून जाते म्हणे! तोवर त्याची आंघोळ, स्वयंपाक, कामावर जायची वेळ झाली असणार.

नेटवाल्यांना फो. केला. पोरगी गोड बोलते. "मॅडम, आमच्याकडून लाइन क्लिअर दाखवतेय." तशी खोटी नाही, त्याच कॉम्प्युटरवर कीर्तन लावलं तर अखंड चालतं. बुवा एकदा अडखळले नाहीत. मग माझाच पोरगा का अडतो?


बुध., ३
वर्षाशी बोलले, ती वैरागच्या शाळेत शिकवून घरी आल्यावर. 
"आई, राउटर कुठं ठेवलाय?"
"तांदळाच्या डब्यामागं."
"पत्र्याच्या? अगं तो डबा अडवतोय सगळं!"
तिथं ह्यांनीच ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिवे लुकलुकताना दिसू नयेत म्हणून. काढला, देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. हात तिथं गेलाच होता तर हळदकुंकू वाहिलं. बंद करून चालू केला, वर्षा सांगेल तसं.
दुपारी : पळताना छान. थांबलो, गेलं.
त्याचं वाक्य : "आई काय चाललंय तुझं".


गुरु., ४
मार्गशीर्षातला गुरुवार, आणि दत्तजयंतीही आजच. पूजा मांडली, कहाणी वाचली. लक्ष अक्षरावर नव्हतं. देवी माफ करो, नैवेद्य दाखवताना मनात एकच, आज टिकू दे.
नाही टिकलं. त्यानं लिहिलं, "तू मुद्दाम जातीस का". एवढं वाचलं आणि खेळ बंद.
स्वयंपाकघरात जाऊन बसले. हे चिंचोळीहून, कामावरून आले, चप्पल काढता काढता म्हणाले,
"काय झालं डोळ्याला?"
"कांदा."
"उपासाला कांदा?"
ह्यांनी पुढं विचारलं नाही, दूध घेऊन पडले.


शुक्र., ५
शकीलाभाभींना खरं सांगून टाकलं. शेजारी इतकी वर्षं, कुणाला तरी सांगायला हवंच होतं. आधी हसल्या पोटभर. "वैनी, तुम? बंदूक?" म्हटलं, बंदूक नाही हो, औषध. मग त्यांचा चेहरा बदलला. "अमोल बोलता है उसमें? तो रोनेका काय को, मेरा मोबाइल लेव. उसका नेट देखो लगाके."
त्यांच्या मोबाइलचं नेट त्याच ॲडाप्टरनं कॉम्प्युटरला जोडलं, त्या शेजारी स्टुलावर बसल्या. अमोल आला. पळालो. भाभी, "या अल्ला, पीछे है पीछे है!" मी त्याला एकदा उठवला. मग झाडाखाली थांबलो. "आई कोण आहे का शेजारी? बाबा आहेत का?" असं त्यानं विचारलं.
नाही म्हणून लिहायच्या आत तुटलं.
भाभी म्हणाल्या, "तुम्हारे नेट का दोष नै. मेरे में बी वोइच हुआ. मशीन में कुछ तो बी है."
म्हणजे लाइन चांगली, राउटर चांगला. दोष आमच्या कॉम्प्युटरात, नाहीतर त्या ४८० च्या पेरात. दुकानदार परत घेणार नाही, पावतीवरच छापलंय.
आणि त्याला काय वाटलं असंल? शेजारी कोण आहे विचारलं आणि मी गायब.


शनि., ६
वर्षानं कुठून कुठून वाचून मोबाइलवर यादी पाठवली. ड्रायव्हर नवा टाक. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन अमुकची टिक काढ. मग त्या ॲडाप्टरच्या नावावर जाऊन तमुकची टिक काढ. सगळं इंग्रजीत. आपलं इंग्रजी मॅट्रिकचं, तरी एकेक शब्द लावून केलं. देवाचं नाव घेऊन केलं.
आणि सगळंच गेलं. गेम नाही, कीर्तन नाही, काही नाही. सहा नंबरची टिक काढायची होती, मी चार नंबरची काढली. एकाखाली एक असतात, चष्मा देवघरात राहिला होता.
वर्षा शाळेच्या कार्यक्रमात, फो. उचलत नाही. दुपार तशीच गेली. तो आला असणार. थांबला असणार.
आणखी बिघडेल म्हणून दुसऱ्या कशाला हात लावला नाही.


रवि., ७
ह्यांची सुट्टी. अमोलच्या खोलीत जाता येत नाही. भाकऱ्या थापताना वाटायचं, आत्ता तो तिथं उभा असंल त्या पडक्या घराशी.
जेवताना म्हणाले, "वीजबिल वाढलंय. कॉम्प्युटर फार चालतो का हल्ली?"
"कीर्तन ऐकते दुपारचं."
"हं."
ह्या माणसाशी किती दिवस असं बोलतेय मी. पण सांगितलं तर काय होईल? अमोलला ह्यांनीच कारखान्यात चिकटवला होता, साहेबाच्या हातापाया पडून. तो न सांगता सोडून आला. ह्यांची मान खाली गेली. मग एकदा चार माणसांत म्हणाले, "मला एकच लेकरू, वैरागचं." अमोल तिथंच उभा होता. त्यानंतर ह्यांनी त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.


सोम., ८
वर्षानं फो.वर धरून धरून चार नंबरची टिक परत लावून घेतली. सहाची काढली. नेट आलं. मोठा आधार वाटला. आज तर होणारच असं वाटलं.
दुपारी आत गेले. अमोल आला नव्हता, आधीच लिहून ठेवलं होतं त्यानं, बहुतेक कालचं :
"बाबा आले की तू कट करतीस हे कळतं मला. राहू दे आई. तुला माझ्यामुळं त्रास नको. विचारायचं होतं ते मी बघतो माझं."
परत परत वाचलं. मी लिहिलं, तसं नाही रे बाळा माझं तुट. घाईत तेवढ्यावरच पाठवायचं बटण दबलं. "तुट" पर्यंतच. मग गोल गोल.
पुन्हा आत जायचं तर शिक्षा लागलेली.
विचारायचं होतं ते मी बघतो म्हणजे काय बघतो? आजारी आहे का? कुणी त्रास देतंय का? चांगलं असतं तर बाबांना सांगू नको का म्हणाला असता.
सिद्धरामा, एवढं एक वाक्य माझ्यापर्यंत येऊ दे. त्याचं पूर्ण, माझं पूर्ण. बाकी काही मागत नाही.


मंगळ., ९
अमोल नाही. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा.

रडत बसून भागणार नव्हतं. अनोळखी पोरांच्या टोळीत शिरले, औषधाची पिशवी घेऊन. कुठली कुठली पोरं, कुणाला तरी उठवलं, कुणी काहीतरी शिवी दिली, कुणी थँक्यू आंटी म्हणालं (कसं ओळखलं काय की). मला बघायचं एवढंच होतं, तुटतं कधी. पळत राहिले, नुसती विहिरीभोवती गोल फिरत राहिले, तुटलं नाही. फिरतेय फिरतेय, काही नाही. मग एका जागी उभी राहिले. गेलं.
परत आत. पळाले, टिकलं. उभी राहिले, गेलं.
म्हणजे उभं राहून बोललं की तुटतं! सगळे दिवस तेच झालंय. पळताना टिकायचं आणि तो बोलायला थांबला की जायचं. म्हणून त्याला वाटलं मी मुद्दाम.

वर्षाला लगेच फो. शाळेची मधली सुट्टी होती. ऐकून घेतलं तिनं. मग, 
"आई, यादीतलं शेवटचं केलंस ना?"
"सगळं केलं की."
"शेवटचं गं. ॲडाप्टरच्या नावावर जाऊन पॉवर मॅनेजमेंट, तिथली टिक काढायची."
"ती ठेवली."
"ठेवली? का?"
"वीज वाचवण्यासाठी असं लिहिलं होतं तिथं."
ती हसायला लागली, मग हसू थांबलं. "अगं आई, तेच तर झोपवतंय त्याला. काही काम दिसलं नाही की कॉम्प्युटर त्या ॲडाप्टरचा दिवा मालवतो. तू उभं राहून एका बोटानं लिहितीस, त्याला वाटतं कुणी नाहीच."

मी ती टिक दोनदा बघितली होती. दोन्ही वेळा बरं वाटलं होतं, चला, ह्या यंत्राला तरी कळतं म्हणून. ह्या घरात माणूस खोलीतून उठला की त्याच्यामागं जाऊन पंखा बंद करणारी मीच. अमोल लहानपणी म्हणायचा, आई मी अजून खोलीतच आहे गं.

टिक काढली. गेममध्ये जाऊन भिंतीशी उभी राहिले. काही न करता. भात करपायला लागला तरी उभी. तुटलं नाही.
कुणाशी बोलू आता.


बुध., १०
करडा.


गुरु., ११
एकीकडं हळदीकुंकवाला जायचं होतं, गेले नाही. दुपारभर उभी. चांगलं चालतंय. नको इतकं चांगलं चालतंय.
एक निरोप लिहून ठेवलाय त्याच्या नावावर : माझं नेट तुटत होतं, मी जात नव्हते. आता दुरुस्त झालं. ये. वाचल्याची खूण नाही.


शनि., १३
करडा. शकीलाभाभी खिचडा घेऊन आल्या, मग आठवलं त्यांना, आमच्यात मटण नाही. नुसतंच बसल्या मग. म्हणाल्या, "ड्यूटी बदली होगी उसकी. बच्चे लोगां का ऐसाच." तेवढाच मनाला आधार. दिवसपाळी झाली असंल.


रवि., १४
आज ह्यांनी जेवण झाल्यावर पान लावलं नाही. तसेच बसून राहिले. मग म्हणाले,
"अगं, कीर्तनात बंदुका वाजतात होय?"
माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.
"मागं एकदा दुपारी लवकर आलो होतो. दाराबाहेरून ऐकलं. तू कुणाला तरी उठ रे उठ रे म्हणत होतीस."
"मग आत का नाही आलात?"
पानाचा डबा बाजूला सारून म्हणाले, "तो येतो का त्यात?"
"येत होता."
"दाखव."
अमोलच्या खोलीत आले. त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदा. खुर्चीत बसले नाहीत, मागं उभे राहिले. मी यादी उघडून नाव दाखवलं. खेळातलं काहीतरी इंग्रजी नाव आहे त्याचं.
"हे नाव मी ठेवलेलं नाही," म्हणाले. मग वाकून बघितलं. "करडं म्हणजे?"
म्हटलं, म्हणजे नाही.
सगळं सांगितलं. विचारायचं होतं तेही. बाबांना सांगू नको म्हणाला, तेही सांगून टाकलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला.
"लग्न ठरवलं असंल कुठंतरी."
मी म्हटलं, काय माहीत.
"नोकरी गेली असंल," म्हणाले.
"तब्येत..." असं म्हणून गॅलरीत गेले. मी निघताना सवयीनं खोलीचा दिवा घालवायला गेले, तर तिथूनच म्हणाले, "असू दे तो."


सोम., १५
एकादशी. वर्षाकडून पत्ता घेतला, श्रावणात तिनं राखी पाठवली होती त्या पत्त्यावर. राखी परत आली नाही, म्हणजे तेव्हा तरी तो तिथं होता. खोली बदलली असंल तर पत्र परत येईल. परत आलं तर काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

पाकीट, तिकीट, एक कोरं पोस्टकार्ड. सकाळी पोथी वाचायच्या आधीच लिहायला बसले. ह्यांनी कामावर जाता जाता हात पुढं केला, वाचायला. मी "बाबांचा राग गेलाय" असं लिहिलं होतं. तिथं बोट ठेवून म्हणाले,
"हे तुला कुणी सांगितलं?"
माझ्याच पेनानं ती ओळ खोडली. सरळ रेघ, ऑफिसात मारतात तशी. वाटलं, झालं, आता फाडतात. फाडलं नाही. पाकीट ओढून घेतलं आणि पत्ता स्वतः लिहिला, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. "तिकडच्या पोस्टमनला मराठी वाचता यायचं नाही." अमोलचं पूर्ण नाव लिहिलं, मधे स्वतःचं. खोडलेल्या जागी मी दोन शब्द लिहिले, पत्र आणि कार्ड आत घातलं, तसं पाकीट खिशात घालून गेले. टाकलं का ते विचारायचंय, पण हे अजून आलेले नाहीत.

पाठवलं ते इथं उतरवून ठेवते.

चि. अमोल यास आईचे अनेक आशीर्वाद.
मी जात नव्हते रे, माझं तुटत होतं. नव्या वायफायला वीज वाचवायची टिक होती ती मी राहू दिली. तू थांबलास की ते झोपायचं. आपण पळत होतो तोवरच ते जागं. आता टिक काढली. आता कितीही वेळ उभं राहता येतं, मी बघितलंय राहून. शेजारी कुणी नव्हतं, एकदा शकीलाभाभी होत्या.
(इथली ओळ खोडली आहे. बाबांनी खोडली. पाकिटावरचं अक्षर ओळखशील.)
बाबांना सगळं सांगितलं. तू नको म्हणालास तरी सांगितलं. मला एकटीला धीर धरवेना.
तुला जे विचारायचं होतं ते विचार. पैशाचं असो, तब्येतीचं असो, कुणा मुलीचं असो, इकडं यायचं असो की कधीच यायचं नसो. मी ऐकून घेईन, मधे जाणार नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येतोस का हे मी विचारत नाही. तुझ्या मनावर.
दुपारी मी रोज असते. रविवारी पण आता असेन.
गेम नको वाटत असेल तर सोबत कार्ड ठेवलंय, घरचा पत्ता घालून. लिहायला काही सुचलं नाही तर नुसतं 'आहे' एवढं लिही आणि उलट टपाली टाक.